यंत्राच्या हजेरीपटात आपले नाव

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना वाटेल, की हा विषय बेंगळूर-हैदराबादच्या तज्ज्ञ मंडळींचा. कमलनगरसारख्या सीमेवरील गावात मुलांना शिकविणाऱ्या एका शिक्षिकेने त्यात कशाला पडावे? विषय आहे आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आणि ज्यांची दखल सहसा कोणी घेत नाही अशा लोकांच्या पदरात ह्या नव्या विद्येतून काय पडणार, ह्या प्रश्नाचा. प्रारंभी मलाही तो आपला विषय वाटला नव्हता. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही. तोच प्रथम सांगते.

माझ्या शाळेतील सातवीचा एक मुलगा आजीजवळ राहतो. आईवडील कामासाठी परगावी असतात. एके दिवशी पहाटे आजी अंथरुणावरून उठेना. तिचा उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूस वाकडे झालेले आणि बोलणे बोबडे. शेताला निघालेली शेजारीण डोकावून म्हणाली, "अंगावरनं वारं गेलंय रे म्हातारीच्या. तुझ्या बापाला फोन लाव." बापाचा फोन लागेना. तेव्हा मुलाने हाती असलेल्या मोबाइलमधील प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या यंत्राला शेजारणीच्याच शब्दांत विचारले, "आजीच्या अंगावरनं वारं गेलंय, काय करू?" यंत्राने तत्काळ आणि मोठ्या शुद्ध मराठीत उत्तर दिले : आजीला थंड वाऱ्यापासून जपावे, उबदार कपडे घालावेत, आल्याचा काढा द्यावा, विश्रांती घेऊ द्यावी.

मुलाने सांगितल्याप्रमाणे सर्व केले. शाळेच्या वेळेस तो माझ्या दारात आला नि म्हणाला, "बाई, आजीला अजून बरं वाटंना. मोबाइलनं सांगितलं तसंच केलं मी." मी जाऊन पाहिले आणि रुग्णवाहिका बोलावली. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून आलेल्या अर्धांगवायूत ती गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांच्या आतच देता येते. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा तो अवधी उलटून गेला होता. आजी वाचली, मात्र ज्या हाताने ती ज्वारीची भाकरी थापीत असे तो हात आता मांडीवर पडून असतो. मुलगा हुशार आहे. त्याने मला एकदाच विचारले, "बाई, मी नीट विचारलं नव्हतं का?"

श्रोतेहो, मुलाने नीटच विचारले होते. आमच्या भागात अर्धांगवायूला 'अंगावरून वारे जाणे' असेच म्हणतात. यंत्राला 'अंग' हा शब्द ठाऊक होता, 'वारे' हा शब्दही ठाऊक होता. ते शब्द एकत्र आले की एका भयंकर आजाराचे नाव होते, एवढे मात्र त्याला कोणी शिकविले नव्हते. हे असे का घडावे, आणि उद्या घडू नये म्हणून काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव भारदस्त आहे. तिची शिकण्याची रीत मात्र आम्हा शिक्षकांना परिचित आहे. एखाद्या मुलाला आपण नियम न सांगता केवळ सोडविलेली उदाहरणे दाखवीत गेलो, तर हजारो उदाहरणे पाहून ते नव्या उदाहरणाचे उत्तर अंदाजाने सांगू लागते. यंत्राचेही तसेच. लक्षावधी छायाचित्रे, क्ष-किरणांच्या प्रतिमा, रुग्णांच्या नोंदी आणि छापील मजकूर त्याला दाखविला जातो, आणि त्यांतून ते साम्य शोधावयास शिकते. जे त्याला पुष्कळ दाखविले ते त्याला चांगले येते. जे क्वचित दाखविले ते कच्चे राहते. आणि जे दाखविलेच नाही त्यावरही ते तितक्याच ठामपणे उत्तर देते. ह्या शेवटच्या गोष्टीतच खरा धोका आहे. वर्गातील मुलाला उत्तर येत नसेल तर त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस कळते. यंत्राला चेहरा नाही.

मला ह्यावरून शाळेचा हजेरीपट आठवतो. ज्याचे नाव पटावर आहे त्याला आम्ही हाक मारतो. ते मूल आले नाही तर 'गैरहजर' अशी नोंद होते आणि कोणीतरी त्याच्या घरी चौकशीस जाते. परंतु ज्याचे नाव पटावर चढलेच नाही त्याची गैरहजेरीही लागत नाही. आरोग्यसेवेतील ह्या यंत्रांचा जो हजेरीपट आहे, त्यावर आपली नावे आहेत काय?

ह्या विद्येचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. कारण तज्ज्ञ डॉक्टर जिथे सहज मिळत नाहीत अशा आमच्यासारख्या भागालाच तिची गरज अधिक आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा विकार वेळीच ओळखला गेला नाही तर माणूस आंधळा होतो. तो विकार छायाचित्रावरून ओळखणाऱ्या यंत्राचा अभ्यास गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्या यंत्राला १,२८,१७५ छायाचित्रांवरून शिकविण्यात आले होते. त्यांतील काही अमेरिकेतील होती, तर काही मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय, चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि बेंगळूरचे नारायण नेत्रालय येथील. म्हणजे त्या पटावर भारतातील माणसांचे डोळे प्रारंभापासून होते. क्षयरोगाचेही उदाहरण आहे. छातीच्या क्ष-किरण प्रतिमेवरून क्षयाचा संशय दाखविणाऱ्या संगणक-पद्धती वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. त्या शिफारशीतील एक अट मला फार मोलाची वाटते. ती शिफारस पंधरा वर्षे व त्यांवरील व्यक्तींपुरतीच होती. लहान मुलांविषयी पुरेसा पुरावा हाती नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी ती केली नाही. आपल्याला कुठवर समजते हे उघडपणे सांगणे, हा ज्ञानाचा पहिला प्रामाणिकपणा होय.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतील रुग्णालये एक गणनपद्धती वापरीत असत. कोणत्या रुग्णाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, हे ती आकड्याने सांगे. २०१९ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात तिची तपासणी प्रसिद्ध झाली. त्या पद्धतीने आजार किती, हे मोजण्याऐवजी उपचारावर खर्च किती होईल, हे मोजले होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर पूर्वीपासून कमी खर्च होत आलेला. म्हणून यंत्राच्या लेखी ते कमी आजारी ठरले. प्रत्यक्षात समान आकडा मिळालेल्यांत तेच अधिक आजारी होते. संशोधकांनी हिशेब दुरुस्त करून पाहिला, तेव्हा अधिक साहाय्यास पात्र ठरणाऱ्या रुग्णांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा १७.७ वरून शेकडा ४६.५ वर गेले. त्या पद्धतीत वंशाचा उल्लेखही नव्हता आणि कोणी दुष्टपणाही केला नव्हता. पूर्वीचा अन्याय वहीत आकड्यांच्या रूपाने लिहिला गेला होता. यंत्राने ती वही पाठ केली.

ह्याचा आमच्या गावाशी काय संबंध, असे आपण विचाराल. आमच्या खेड्यांतून अशा कितीतरी बाया आहेत, की ज्या अंगावर दुखणे काढतात आणि रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. त्यांच्या नावाची नोंद कोरी असते. जे यंत्र नोंदींवरून निर्णय करते, ते कोऱ्या नोंदीचा अर्थ 'प्रकृती उत्तम' असा लावील. ज्यांनी आयुष्यभर सोसले त्या बाया यंत्राच्या हिशेबी सर्वांत निरोगी ठराव्यात, ह्यापरता उलटा न्याय कोणता?

दुसरे उदाहरण बोटाला लावण्याच्या त्या लहानशा चिमट्याचे. त्याला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात, आणि करोनाच्या साथीत तो आपण सर्वांनी पाहिला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र नव्हे. परंतु धडा तोच देतो. तो बोटातून प्रकाश पाठवितो आणि पलीकडे किती प्रकाश पोहोचला ह्यावरून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगतो. त्वचेतील काळे द्रव्य त्या प्रकाशात अडथळा आणू शकते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की चिमट्याने शेकडा ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखविला असता, प्रत्यक्ष रक्ततपासणीत प्राणवायू धोकादायकरीत्या कमी निघालेल्यांचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत शेकडा ३.६ तर कृष्णवर्णीयांत शेकडा ११.७ होते. उन्हात राबणाऱ्या आमच्या माणसांच्या त्वचेचा रंग आपण जाणताच. साधन बनविणाऱ्याने ते कोणाकोणाच्या बोटाला लावून पाहिले होते, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक नाही.

तिसरे उदाहरण थायलंडमधील. नेत्रविकार ओळखणाऱ्या ज्या यंत्राचा मी मघाशी उल्लेख केला, त्यावर आधारलेली पद्धती तेथील ११ दवाखान्यांत वापरून पाहण्यात आली. २०२० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे यंत्र दवाखान्यात पुष्कळदा अडू लागले. छायाचित्रे काढण्यास अंधारी खोली सर्वत्र नव्हती, त्यामुळे ती पुरेशी स्पष्ट येत ना. पाचांतील एकाहून थोडी अधिक छायाचित्रे यंत्राने नाकारली. आंतरजालही मध्येच मंदावे. ज्याचे छायाचित्र नाकारले त्याला दुसऱ्या दिवशी दूरच्या तज्ज्ञाकडे जावे लागे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला एक दिवसाची मजुरी बुडविणे म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको. बोध असा, की ज्या खोलीत, ज्या विजेवर आणि ज्या माणसांसाठी यंत्र चालावयाचे, तेथेच ते तपासून घेतले पाहिजे.

आता आपल्या गावाकडे वळू. कमलनगर हे बिदरहून उदगीरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील गाव. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्याच्या जुन्या बिदर जिल्ह्याचे भाग झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले, आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर, आजच्या कर्नाटक राज्यात राहिलो. त्या वादात मला शिरावयाचे नाही. कन्नड आमच्या राज्याची भाषा आहे. तिच्यावर आमचा राग नाही, आमची मुले ती आनंदाने शिकतात. सांगावयाचे एवढेच, की इथल्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या चार माणसांत एक 'ताप' म्हणतो, दुसरा 'ज्वर' म्हणतो, तिसरा 'बुखार' म्हणतो, आणि चौथी तांड्यावरून आलेली लमाण बाई आपल्या गोरमाटी बोलीत काहीतरी निराळेच म्हणते. औषध एकच असते, परंतु ते देण्यापूर्वी चौघांचेही म्हणणे कळावे लागते. आजवर हे काम आमच्या परिचारिका आणि आशाताई करीत आल्या आहेत. त्या ऐकतात, पुन्हा विचारतात आणि डॉक्टरांना सांगतात. यंत्र आले म्हणून ह्या मधल्या माणसाची गरज संपली, असे कोणी समजू नये.

मराठी ही काही लहान भाषा नव्हे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लक्ष लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. परंतु यंत्राने जी मराठी वाचली ती प्रामुख्याने छापील, शहरी, लिहिणाऱ्यांची मराठी. दुखणे मात्र कोणी छापील मराठीत सांगत नाही. नेत्र लाल झाले की आमच्याकडे 'डोळे आले' म्हणतात. तोंडात फोड उठले की 'तोंड आले' म्हणतात. बाई गरोदर असली की तिला 'दिवस गेले' असे म्हणतात. एखाद्या यंत्राने ह्याचे शब्दशः भाषांतर करून डॉक्टरांपुढे ठेवले, तर दिवस निघून गेल्याचा तो कोणता आजार, असा प्रश्न त्यांना पडेल! आपण हसाल, परंतु 'जीव घाबरा होतो' असे पन्नाशीची बाई म्हणते तेव्हा कधी कधी तिचे हृदय संकटात असते, आणि तिला भीती वाटते एवढाच अर्थ घेऊन यंत्राने तिला धीर धरावयास सांगितले, तर ती हसण्याची गोष्ट राहणार नाही.

शब्दांखेरीज आणखी एक अडचण सीमेवर आहे. आमचा माणूस आजारी पडला की सोयीप्रमाणे बिदरला जातो, नाहीतर उदगीर-लातूर, सोलापूर वा हैदराबाद गाठतो. ही ठिकाणे आज तीन राज्यांत आहेत. कागद कन्नडमध्ये एक, मराठीत दुसरा, इंग्रजीत तिसरा, आणि सर्व कागद एका पिशवीत. भारत सरकारने २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले आणि प्रत्येकास १४ आकडी आरोग्य क्रमांक घेण्याची सोय केली. तिचा हेतू हा, की ह्या नोंदी रुग्णाच्या संमतीने एकत्र याव्यात. हेतू चांगला आहे. परंतु संमती ही समजून दिली तरच संमती. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत पाहण्याची मुभा असावी, अशी तरतूद आहे. त्या परिशिष्टात २२ भाषा आहेत. मराठी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे. तांड्यावरील लमाण बाईची बोली त्यात नाही. म्हणजे आम्हा मराठी भाषकांची जी तक्रार कन्नड मुलखात आहे, तीच तक्रार त्या बाईची आम्हा सर्वांविरुद्ध आहे. स्वतःसाठी न्याय मागताना हे विसरणे बरे नव्हे.

काही मंडळी म्हणतात, "बाई, तुम्ही उगीच खुसपट काढता. गावात विशेषज्ञ नाही, रात्री डॉक्टर नाही. काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरे नव्हे काय? दगडापेक्षा वीट मऊ." हा युक्तिवाद मी हलका मानीत नाही. क्षयाचा संशय यंत्राने दाखविला आणि थुंकीची तपासणी झाली, तर एक घर वाचते. परंतु त्या दिवशी मुलाच्या हाती मोबाइल नसता तर तो काय करता? रडत शेजारी गेला असता, माझ्या दारी आला असता. अर्ध्या तासात रुग्णवाहिका आली असती. चुकीच्या दिलाशाने त्याचे पाय घरात बांधून ठेवले. म्हणून यंत्र असावे की नसावे, हा माझा प्रश्न नाही. ते कोणत्या अटींवर असावे, हा आहे.

अटी नव्याने शोधण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सहा तत्त्वे सांगितली. त्यांत माणसाचे स्वातंत्र्य, सुरक्षितता आणि पारदर्शकता ह्यांबरोबरच उत्तरदायित्व आणि सर्वसमावेशकता ही तत्त्वे आहेत. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली दहा तत्त्वांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यातही समान लाभ आणि भेदभावाचा अभाव ह्यांना स्थान आहे. ही तत्त्वे मार्गदर्शनपर आहेत. ती गावापर्यंत पोहोचावयाची तर गावाने चार साधे प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे.

पहिला प्रश्न : हे यंत्र कोणावर तपासून पाहिले, आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते किती चुकले? येथे सरासरीवर समाधान मानू नये. मी वर्गात मुलांना एक गणित घातले. एक हजार रुग्ण आहेत; ९५० शहरातील, ५० तांड्यांवरील. यंत्र शहरातील ९४० जणांचे निदान बरोबर करते आणि तांड्यांवरील २५ जणांचे. एकंदर किती बरोबर? मुले म्हणाली, ९६५. म्हणजे शेकडा साडेशहाण्णव. छान! परंतु तांड्यावरील माणसापुरते? निम्मे! म्हणजे नाणे उडवून पाहण्याइतकेच. जाहिरातीत मात्र साडेशहाण्णवचा आकडा छापला जाईल. आमच्या शुभवर्तमानात, नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एका मेंढराच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आहे. आमच्या भागातील धनगरांना तो समजावून द्यावा लागत नाही. सायंकाळी कळप मोजणारा माणूस सरासरी काढीत नसतो.

दुसरा प्रश्न : न समजल्यास हे यंत्र थांबते काय? 'मला कळले नाही, पुन्हा सांगा. दवाखान्यात जा' असे म्हणण्याची सवय त्याला लावलेली आहे काय? तिसरा प्रश्न : चूक झाली तर उत्तर कोण देणार? डॉक्टरांच्या पाटीवर नाव असते, नोंदणी क्रमांक असतो. यंत्राच्या निर्णयाखाली कोणाची सही आहे, हे रुग्णास कळले पाहिजे. आणि चौथा प्रश्न : आमच्या नोंदी तुम्ही घेता, त्या कशासाठी, आणि आम्हांस त्याचा लाभ काय? पटावर नाव असावे असे मी म्हणते, ते सन्मानाने असावे. नकळत कोणी अंगठा उमटवून घ्यावा, असे नव्हे.

आता शेवटची गोष्ट, आपण स्वतः काय करावे ही. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने 'वाणी' नावाचा प्रकल्प हाती घेतला आहे. देशातील ७७३ जिल्ह्यांतून बोलीभाषेतील दीड लक्ष तासांहून अधिक बोलणे गोळा करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. लोकांना चित्रे दाखवावयाची आणि जे दिसते ते त्यांनी आपल्या बोलीत सांगावयाचे, अशी त्याची रीत. भाषा ही राज्याच्या नकाशावरून न मोजता जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन ऐकावयाची, ही दृष्टी मला योग्य वाटते. भारत सरकारच्या २०२२ सालच्या 'भाषिणी' योजनेतही 'भाषादान' नावाचा विभाग आहे. तेथे कोणीही आपली वाक्ये बोलून वा लिहून देऊ शकतो. धान्याचे दान आम्हांस ठाऊक आहे. हे नव्या प्रकारचे दान आहे, आणि ते देणाऱ्याच्या घरातील काही कमी होत नाही.

माझ्या वर्गात आम्ही एक लहानसा आरंभ केला आहे. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारून दुखण्याचे शब्द एका वहीत लिहावयाचे. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो कोणत्या घरी ऐकला. कोणाच्याही आजाराची खाजगी गोष्ट त्यात लिहावयाची नाही, आणि घरच्यांनी हो म्हटल्यावरच शब्द घ्यावयाचा, असा नियम आहे. कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुली आपले शब्द आणतात, उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले आपले आणतात, आणि तांड्यावरून येणारी एक मुलगी, जी वर्षभर वर्गात तोंड उघडीत नसे, ती आता फळ्याजवळ उभी राहून आपले शब्द आम्हांस शिकविते. राज्यघटनेत १९५६ साली घातलेल्या ३५० अ ह्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगितले आहे. जी भाषा शिकण्यास योग्य ठरली ती दुखणे सांगण्यास अयोग्य कशी ठरेल? आमची वही एखाद्या संशोधकाच्या उपयोगी पडेल तेव्हा पडो; गावात नव्याने आलेल्या परिचारिकेच्या ती आजच उपयोगी पडेल. वहीच्या पहिल्या पानावर पहिला शब्द त्या सातवीतील मुलाने आपल्या हाताने लिहिला आहे. तो कोणता, हे मी सांगावयास नको.

श्रोतेहो, जाता जाता एक उपयुक्त सूचना करते. तोंड एका बाजूस वाकडे झाले, दोन्ही हात वर करावयास सांगितले असता एक हात खाली पडू लागला, अथवा बोलणे एकाएकी बोबडे झाले, तर त्या माणसाच्या अंगावरून वारे गेले आहे असे समजावे. त्याला काढा, पाणी वा अन्न काही देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. आजार केव्हा सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर ती प्रथम विचारतील. मोबाइल हाती असेल तर त्यावर काही विचारीत बसू नये. त्यावरून १०८ हा क्रमांक लावावा आणि पलीकडे माणूस बोलू लागला की आपल्याला येईल त्या भाषेत सर्व सांगावे.